आवडीचे दात

हेदघरात भांडण कितीही पेटलं तरी "दात पाडून हातात देईन" असं कुणी म्हणत नसे. बाकी मुलखात ही नुसती तोंडची वाफ असते. हेदघराने ती एका बाईवर खरी करून दाखवली होती. त्यामुळे तो शब्द ओठावर आला की माणसं तो गिळून टाकत आणि नजर आपोआप ओढ्याकाठच्या खोपटाकडे वळे. त्या खोपटात आवडी राहत असे.

कर्जतहून डोंगराच्या अंगाने तासभर चाललं की हेदघर लागे. घरं थोडी, भाताची खाचरं त्याहून थोडी आणि अक्कल सगळ्यांत थोडी. ज्याला राग धरायचा असेल त्याने तो खुशाल धरावा, पण आधी पुढचं ऐकून घ्यावं.

आवडी गावची सुईण. तिच्या जिभेला हाड नव्हतं आणि हाताला दम नव्हता. कळा देता देता एखादी पोरगी घाबरून आखडली की आवडी तिच्या थोबाडीत देई, आणि पोर बाहेर आलं की त्याच गालावरून हात फिरवी. गावातली निम्मी पोरं तिच्या हातात जन्मली होती. तिच्या शिव्या खाल्ल्या नाहीत अशी बाळंतीण शोधून सापडली नसती.

पहिली जर्मन लढाई संपता संपता मानमोडीच्या तापाची साथ आली. सकाळी खाचरात गेलेला माणूस दिवस मावळायच्या आत बांधावर पालथा पडलेला सापडे. आवडी घरोघर फिरली. काढे पाजले, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, मेलेल्यांना आंघोळी घातल्या, कारण घरची माणसंच प्रेताजवळ जायला भीत होती. तिचा नवरा नामा गेला. नामाचा थोरला भाऊ जयवंता, त्याचे दोन्ही मुलगे एकाच दिवशी गेले. शेवटच्या श्वासापर्यंत त्या पोरांची डोकी आवडीच्या मांडीवर होती आणि तेच तिला भोवलं. ती जिथे जाते तिथे माणूस मरतो, हे गावाने बरोब्बर पाहिलं. माणूस मरायला टेकतो तिथेच तिला बोलावतात, हे मात्र कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. नागू भगताने सुपात तांदूळ टाकले, डोळे फिरवले, आणि आवडी भुताळी ठरली.

भुताळीचं बळ तिच्या दातांत, असं हेदघर मानायचं. मंत्र दातावर घासून बाहेर पडतो. दात पाडले की मंत्र बोबडा होतो, आणि बोबडा मंत्र घालणारीवरच उलटतो. म्हणून भुताळीचा जीव घ्यायचा नाही, नुसते दात घ्यायचे. गावाच्या हिशेबी ही दयाच होती.

चौघांनी तिला तिच्याच ओट्यावर आडवी पाडली. एकाने केस पायाखाली धरले, एकाने जबड्यात लाकडाची खुंटी कोंबली, आणि जयवंताने तिच्याच पाट्यावरचा वरवंटा उचलला. पहिला घाव ओठावर बसला, दुसरा दातांवर. जयवंता रडत होता आणि रडत रडत मारत होता. एकेका घावाला तो आपल्या मेलेल्या पोरांची नावं घेत होता. वरचे पडले, खालचे पडले, तरी त्याचा हात थांबेना, तेव्हा नागूनेच तो धरला. आवडीने तोंडभर रक्त जयवंताच्या तोंडावर थुंकलं. दाराची चौकट धरून तिची लेक कोंडी उभी होती, सात-आठ वर्षांची. ती रडली नाही की किंचाळली नाही. नुसती बघत राहिली.

नंतर जयवंताने कोंडीला उचलून आपल्या घरी नेली आणि आवडीला ओढ्याकाठी खोपट घालून दिलं. दात पाडलेली भुताळी म्हणजे दात काढलेला साप, तिला कुणी भीत नसे. ती लाकडं वेची, कुणाचं अंग चेपून देई, आणि एखादं बाळंतपण अडलं की गावच तिला मागच्या दाराने बोलावून नेई. अशा वेळी ती चालायची. काम झालं की पुन्हा मागच्याच दाराने बाहेर.

जयवंताने कोंडीला पोटच्या पोरीसारखी वाढवली, हे त्याच्या शत्रूनेही कबूल करावं. तिला न्हाऊमाखू घातलं, खालापूरच्या बाजूला चांगलं घर बघून तिचं लग्न लावून दिलं. पण आईसमोर आली की कोंडीची नजर आईच्या तोंडावर टेकायची आणि लगेच खाली जायची. ओठ आत गेलेले, हनुवटी नाकाकडे आलेली, बोलताना थुंकी उडते आहे. ते तोंड बघितलं की पोरीला तो ओटा आठवतो, हे आवडीला कळत होतं. गाव भुताळी म्हणतं तर म्हणो, गावाला ती कुत्र्याइतकीही किंमत देत नव्हती. पण लेकीच्या मनात काय आहे, एवढं विचारायची तिची छाती होत नव्हती.

कोंडी पहिलटकरीण म्हणून माहेरी आली, म्हणजे काकाच्या घरी. एका दुपारी ती पोट सावरत ओढ्याकाठी आली आणि लांबच बसून म्हणाली, "आये, माज्या वेळेला तूच ये. मी काकाला सांगितलंय. तो नाय म्हनला नाय."

आवडीने नुसती मान हलवली. बोलायला गेली असती तर रडली असती, आणि रडणं तिला शिवीपेक्षा वाईट वाटे.

त्या दिवसांत ती कर्जतला एका पारशी डॉक्टरच्या बंगल्यावर जात असे. डॉक्टर दातांचा. मुंबईत त्याचा दवाखाना होता, आणि थंडीच्या दिवसांत म्हाताऱ्या आईला घेऊन तो भिसेगावच्या अंगाला येऊन राही. म्हातारीचे गुडघे धरलेले, ते आवडी तेल लावून चोळी. एकदा म्हातारीने जेवण उरकलं, तोंडात दोन बोटं घातली आणि सगळे दात काढून पाण्याच्या पेल्यात टाकले. आवडी दोन पावलं मागे सरकली. मग पुढे येऊन पेल्यावर वाकली.

"बाय, ह्ये काढता बी येत्यात नि घालता बी येत्यात?"

म्हातारी बोळक्याने हसली आणि तिने लेकाला हाक मारली. डॉक्टरने आवडीचं तोंड उघडून पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"नवरा मारला काय तुला?"

"नाय, बावाजी. गावानं."

त्याने बोटाने हिरड्या चाचपल्या. मागे राहिलेल्या किडक्या दाढा काढाव्या लागतील, एवढंच म्हणाला. त्याने सुई टोचली आणि पक्कड घातली. दाढ उपटताना कवटीतून करकर आवाज आला, तरी आवडीने खुर्चीचा हात सोडला नाही. "वरवंट्यापरीस ह्ये लई बरं," असं ती रक्त थुंकता थुंकता म्हणाली. हिरड्या भरून आल्या तेव्हा त्याने गरम मेण तोंडात दाबून साचा घेतला, आणि पुढच्या खेपेला मुंबईहून येताना कवळी आणली. खाली लालभडक रबर, वर चिनी मातीचे पांढरेशुभ्र दात. आवडीने ती घालून आरशात पाहिलं. आरशात एक बाई होती. बरीचशी ओळखीची.

या तोंडाने लेकीसमोर जायचं, हा एकच विचार तिच्या डोक्यात होता. दात परत आले म्हणजे तो ओटा, तो वरवंटा पोरीच्या डोळ्यांपुढून पुसला जाईल, असं तिला वाटलं. दात असले तर चणे नसतात म्हणतात. तिने मनात म्हटलं, एकदा दात येऊ देत, चण्यांचं पुढे बघून घेऊ.

पण दात नुसते तोंडात घातले म्हणून आपले होत नाहीत. परकं ढोर नव्या दावणीला लाथा झाडतं, तशी ती कवळी पहिल्या दिवसापासून लाथा झाडू लागली. तोंडात सारखं पाणी सुटे. घशाशी रबर लागून उमासे येत. खालची कवळी जिभेने उचलली जाई, वरची शिंकेसरशी हातात येई. नाचणीची भाकरी चावायला गेली तर जीभच दातांत सापडली आणि भाकरी रक्ताने भिजली. हिरडीला जिथे रबर घासे तिथे फोड आले, फुटले, पुन्हा आले. एकदा तिने चिडून दोन्ही कवळ्या भिंतीवर फेकल्या. मग कुडाखालच्या शेणात शोधून काढल्या, धुतल्या, आणि त्यांना आईबहिणीवरून शिव्या देत पुन्हा तोंडात कोंबल्या. जयवंताने तिला एकदाच मारलं होतं. हे दात रोज मारत होते. फरक एवढाच की हा मार तिने आपणहून घेतला होता, आणि आपणहून घेतलेला मार आवडीला सोसे.

डॉक्टरने तिला सांगून ठेवलं होतं, "रोज मोठ्याने बोलायचा. काय सुचला नाय तर लोकांचा नाव घ्यायचा. गावात जेवढा माणूस, तेवढा नाव. तोंड आपोआप शिकते."

आवडी बंगल्यावरून आली की खोपटाचं दार ओढून घेई आणि गावाच्या वरच्या आळीपासून सुरुवात करी. एकेक नाव, स्पष्ट येईपर्यंत, पुन्हा पुन्हा. नावामागे एकेक शिवी, कारण नुसतं नाव घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. भावजींचं नाव बाईमाणसाने घ्यायचं नसतं, पण 'जयवंता' हे नाव तर तिच्या आवडीचंच झालं. त्यातला ज दातांतून नीट निघत नसे, शीळ वाजे. म्हणून ती ते सगळ्यांत जास्त घोटी. "जयवंता! जयवंता! तुजे हात झडले मेल्या! जयवंता!" आणि सगळ्यांत शेवटी कोंडीचं नाव, ते मात्र शिवीवाचून, हळू आवाजात.

एक दिवस कोंडी आली. आवडी दात दाखवून हसली. पोरीने आधी डोळे मोठे केले. मग जवळ आली, अगदी जवळ, आणि बोटाने दाताला हात लावून बघितलं.

"दुखत्यात गं?"

"मरणाचे."

दोघी हसल्या. कोंडीची नजर खाली गेली नाही. आवडीला वाटलं, फोड, उमासे, रक्त, सगळं वसूल झालं.

पण हेदघराला कान होते, आणि त्या कानांत नको तेच पडलं. नागू भगत बैल सोडून ओढ्याकडे चालला होता, तेव्हा त्याला खोपटातून आपलंच नाव ऐकू आलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि दर खेपेला जास्त स्पष्ट.  त्याने कुडाच्या फटीला डोळा लावला तर आत भुताळी बसलेली, तोंडात पांढरे दात, डोळे मिटलेले, आणि ती गाव एका टोकापासून मोजत चाललेली. बैलाची त्याला आठवणच राहिली नाही. तो घरी पळाला. बैल मोकळाच हिंडत कड्यावर गेला आणि घसरून मेला. आता बैल कशाने मेला? ज्याचा त्याने विचार करावा. गावाला विचार करायची गरज पडली नाही.

जयवंता चारचौघांना घेऊन आला. खोपटाचा कूड त्यांनी लाथा घालून आत ढकलला, मडकी फोडली, चूल उकरली. मंत्राचं काही सापडतं का ते बघत होते.

"माजं नाव घेतलंस, नागूचं घेतलंस," जयवंता ओरडला, "कोंडीचं बी घेतलंस! पोटच्या पोरीवर टपलीस, रांडे? काढ त्ये दात! भगताच्या हवाली कर. नायतर कोंडीच्या बाळंतपनाला माज्या दारात पाय टाकशील तर तोडीन."

"कवळीची सवय करीत व्हते, भावजी. बावाजीनं सांगितलं, नावं घे म्हणून. कर्जतला चला, त्यालाच इचारा."

"दात परत यायला कुनी बघितलंय गं? काढ!"

आवडीने दात काढले नाहीत. एकदा या माणसाने घेतले होते तेव्हा तिला विचारलं नव्हतं. आज विचारत होता, तर ती नाही म्हणणार होती. एकाने तिच्या पाठीत काठी घातली. तिने फुटक्या मडक्याची खापरी उचलून त्याच्या कपाळावर फोडली. मग बराच वेळ मार बसला. पण तोंडाला कुणी हात लावला नाही, भीतीने.

पुढच्याच आठवड्यात कोंडीला कळा सुरू झाल्या. पहाटेपासून पोरगी लोळत होती. दुसऱ्या वाडीची सुईण आणली होती, तिने दुपारपर्यंत हात टेकले. पोर आडवं होतं. कोंडीच्या हाका ओढ्यापर्यंत येत होत्या. "आये! आये गं!" आवडी उठली. पाठ सुजली होती, एक डोळा मिटला होता. दात तोंडातच होते. रात्री काढून ठेवायचे असतात हे ती मारानंतर विसरून गेली होती.

अंगणात गडी उभे होते, जयवंता सगळ्यांच्या पुढे.

"दात काढून ठेव, मंग आत जा."

"माजी पोर मरतीय आत. सोडा वाट."

"दात काढ!"

कदाचित तिने काढलेही असते. लेकीपुढे दातांची काय मातब्बरी! पण जयवंताने धीर धरला नाही. त्याने एका हाताने तिचे केस धरले आणि दात उपटायला दुसरा हात तिच्या तोंडावर आडवा घातला. त्याच हाताने, ज्याने वरवंटा धरला होता. आणि आवडीने जबडा मिटला. इतक्या दिवसांत भाकरीवर जे जमलं नव्हतं ते तिला जयवंताच्या हातावर जमलं. मनगटापाशी दात रुतले. तो गुरासारखा ओरडला, त्याने हात हिसडला, पण ती सोडीना. त्याने तिच्या कानशिलावर गुद्दे घातले, तरी सोडीना. शेवटी त्याने सगळा जोर लावून हात ओढला, आणि हाताबरोबर वरचे सगळे दात, लाल हिरडीसकट, तिच्या तोंडातून निघून आले. मनगटावरून रक्त वाहत होतं आणि कवळी सदऱ्याच्या बाहीत अडकून लोंबत होती.

जबडाच निघून आला, असं गड्यांना वाटलं. कुणी काठी टाकली, कुणी धोतर सावरलं नाही. पळताना दोघं एकमेकांवर आपटले. जयवंता हात झटकत, किंचाळत अंगणभर नाचला. कवळी उडून शेणात पडली. कुणीतरी लांबूनच तिच्यावर कोंबड्यांचं डालगं पालथं घातलं आणि वर धोंडा ठेवला, साप कोंडावा तसा. आवडीने खालची कवळीही काढून तिथेच भिरकावली आणि ती रक्ताळलेल्या बोळक्याने घरात शिरली.

आत जयवंताची बायको अंबाबाई कोंडीचं डोकं धरून बसली होती. तिने आवडीकडे पाहिलं आणि सरकून जागा दिली. कोंडीचे ओठ काळे पडले होते.

"आये, मी मरतीय."

आवडीने तिच्या थोबाडीत दिली. "मरायचं नंतर बघू. पाय टेक. जाऊबाई, तेल आना."

तिने हात कोपरापर्यंत तेलात बुडवला. ते काम सांगण्यासारखं नाही. कोंडी गुरासारखी हंबरत होती, दातांखाली धरलेल्या पदराच्या चिंध्या झाल्या होत्या, तिने आईचा दंड नखांनी सोलून काढला. आवडी एका हाताने आत पोर फिरवत होती, दुसऱ्याने बाहेरून पोट दाबत होती, आणि तोंडाने सारखी पुटपुटत होती, "सोड गं बाय. सोड. मोकळी हो." पोर फिरलं. पायाळू आलं, निळं पडलेलं, गळ्यात नाळ. तिने नाळ सोडवली, पोराला उलटं धरलं आणि पाठीवर चापट मारली. दुसरी मारली. तिसरीला ते रडलं. मुलगा होता.

कोंडीने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि त्या आत गेलेल्या ओठांकडे, रक्त सुकलेल्या हनुवटीकडे सरळ बघितलं. तिने आईचा हात धरून आपल्या गालाखाली घेतला आणि तशीच झोपली. आवडी हलली नाही, पाय बधिर झाले तरी हलली नाही. इतक्या वर्षांनी लेक मांडीवर आली होती.

गोष्ट इथे संपती तर हेदघराच्या नावाने बोटं मोडायचं काही कारण उरलं नसतं. पण शेजारच्या पडवीत जयवंता पडला होता. मनगट सुजून भोपळ्याएवढं झालं होतं, पण माणूस हातापेक्षा भीतीनेच जास्त चालला होता. भुताळीचा दात लागलेला माणूस जगत नाही, असं नागूने सांगितलं, आणि जयवंताने ते मानलं. तो खाईना, पिईना. भिंतीकडे तोंड करून पडे, अंग फणफणलेलं, आणि मेलेल्या पोरांशी बोले. दोन-तीन दिवसांत डोळे खोल गेले. अंबाबाई आवडीसमोर पदर पसरून बसली. "आवडे, तू कायी केलं नायस, ठावं हाय मला. माजी पोरं तुज्या मांडीवर गेली तवा मी तितंच व्हते. पर त्यो मरतोय गं. तुज्याबिगर कुनाचं ऐकायचा नाय त्यो. उतरव."

"मी घातलंच नाय, तर उतरवू काय? कर्जतच्या दवाखान्यात न्या. जखम धुवायला हवी."

जयवंताने दवाखान्याचं नाव ऐकताच डोकं भिंतीवर आपटून घेतलं. त्याला कुणी उचलू शकलं नाही. नागू भगत उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "दातांनी घातलंय, दातांनीच उतरवायला हवं. तिला तिचे दात घालू द्या." ज्याने दात पाडायला लावले, ज्याच्यामुळे पुन्हा मागितले गेले, तोच आता घाल म्हणत होता. आवडीने त्याला अशी शिवी दिली की तो दोन पावलं मागे सरला, पण निघून गेला नाही.

तेव्हा कोंडी उठून बसली, पोराला छातीशी धरून. "आये, काकाला सोड."

"कोंडे, तुला बी वाटतं का गं?"

"मला कायी वाटत नाय. त्यानं मला वाढवलंय. सोड त्याला. माज्यासाठी सोड."

 मी भुताळी नाही, एवढं सांगत आवडी इतकी वर्षं जगली होती. त्या एका गोष्टीसाठी तिने दात घालवले होते, मार खाल्ला होता. आता तेवढं सोडलं की हा माणूस जगणार होता, आणि लेक तेच मागत होती. लेकीने याआधी एकदाच काही मागितलं होतं.

ती अंगणात गेली. डालग्यावरचा धोंडा तिने पायाने लोटला, दोन्ही कवळ्या शेणातून उचलल्या, धुतल्या आणि घातल्या. हिरड्या सुजलेल्या होत्या, तिने दाबून बसवल्या. गाव लांब उभं राहून बघत होतं. तिने सुपात तांदूळ घेतले, मीठ, मिरच्या घेतल्या, आणि जयवंताच्या उशाशी बसली. त्याने डोळे उघडले, आणि तिचे दात बघून भिंतीकडे सरकला. तिला घ्यायचा तो सूड तिथेच घेता आला असता, नुसतं उठून जायचं होतं. तिने त्याचं मनगट गरम पाण्याने धुतलं, पू पिळून काढला, हळद भरली, आणि वरून सूप ओवाळत, दात स्पष्ट वाजवत, साऱ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाली:

"सोड, जयवंताला सोड. मी धरला व्हता, मीच सोडते. सोड. मोकळा हो."

मिरच्या चुलीत टाकल्या. जयवंताच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्याने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाटीभर पेज प्याला, आणि संध्याकाळी भिंतीला टेकून बसला. नागूने बाहेर गर्दीला सांगितलं, "बघा! बोलली ना आपल्या तोंडानं? मीच धरला व्हता म्हनली." आणि गाव मान डोलवत पांगलं. आता कुणालाच शंका राहिली नव्हती.

आवडी आत आली. हात धुतले, पदराला पुसले आणि नातवाला घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

कोंडीने तिच्या दातांकडे बघितलं, आणि पोराच्या तोंडावर पदर ओढून घेतला.